पावणेचारचा कोंबडा

आमच्या परसातला कोंबडा मुळात कोंबडी म्हणून आला होता.

भिंतीपलीकडच्या आपांनी तो दिला. आपा आमच्या शेजारीण. साठी ओलांडलेल्या, यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती एक मुलगी लग्न होऊन सिकंदराबादला गेलेली. मी बावन्न वर्षांची आहे, तरी त्या मला अजून ‘दुल्हन पाशा’ म्हणतात. लग्न होऊन मी जामबागच्या मागच्या या घरात आले तेव्हा त्यांनी मला नवरी म्हणून पाहिलं, आणि त्यानंतर मत बदलण्यासारखं माझ्या हातून काही घडलं नसावं.

मुलीचं लग्न झालं त्या वर्षी आपांनी घर भरल्यासारखं वाटावं म्हणून पिल्लं आणली आणि चुलीजवळच्या टोपलीत, हाताने दाणे भरवत वाढवली. मग त्यांच्या अंगणात फरशी बसली आणि पिल्लांना उकरायला माती उरली नाही. आमच्याकडे मागे पेरूच्या झाडाखाली पुष्कळ माती होती. आपांनी तीन पिल्लं भिंतीवरून माझ्या हातात दिली. म्हणाल्या, “तीनों मुर्गियाँ हैं. अंडे खाओ, दुआ देओ.”

दोघींनी अंडी दिली. तिसरीला तुरा फुटला, शेपटीला कमान आली आणि एके दिवशी तिने पेरूच्या फांदीवर चढून असा आवाज काढला, की माझ्या नवऱ्याच्या हातातला चहा बशीत आला.

“ही मुर्गी नाही,” नवरा म्हणाला.

त्याची निरीक्षणं नेहमीच अशी अचूक आणि उशिरा असतात. कोठीच्या बाजारात त्याचं वह्या-कागदांचं दुकान आहे, अकरा वाजता उघडतं, त्यामुळे सकाळी परसाचा ताबा त्याच्याकडे. मी सिकंदराबादला रेल्वेच्या कचेरीत जाते, आठला घर सोडते.

आता, आम्ही काही शाकाहारी लोक नाही. दुसऱ्या कुठल्या वाटेने हा कोंबडा घरात आला असता, तर त्याच्या नशिबात काळा मसाला आणि ज्वारीची भाकरी होती. पण तो भेट म्हणून आला होता आणि आपांच्या हातचे दाणे खाऊन वाढला होता. त्याला कापता येत नव्हतं, विकता येत नव्हतं, आणि परत देणं तर या शहरात कापण्याहून वाईट. तेव्हा तो राहिला. सकाळी साडेपाचला आरवायचा, चार-पाच वेळा, सभ्य माणसासारखा. मोहल्ल्यातलं कुणी काही बोललं नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात आपांची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मी या घरात आले त्याच वर्षी ती जन्मली. तिचं पहिलं लंगडीचं रिंगण आमच्याच परसात आखलं गेलं. तिला मुलगी झाली. आपल्याकडे सव्वा महिना, त्यांच्याकडे चाळीस दिवस. तेवढे दिवस बाळ-बाळंतीण आईच्या घरी, मग सासरी. आपांच्या चालण्यात फरक पडला. त्या हलक्या पावलांनी धावायला लागल्या. चाळीस दिवस त्यांना मिळणार होते आणि त्यातला एकही त्यांना वाया घालवायचा नव्हता.

मीही भिंतीवरून घोषणा केली, “आपा, बाळंतिणीला रोज दोन अंडी आमच्याकडून. चाळीस दिवस.”

आमच्या दोन घरांमध्ये एक स्टीलची ताटली आहे. नेमकी कुणाची, हे आता कुणालाच आठवत नाही. ती भिंतीवरून जाते आणि भिंतीवरून येते. जाताना त्यात काही असतं, येतानाही काही असतं. एकोणतीस वर्षांत ती रिकामी फिरलेली नाही. घरात काही नसेल तर चार लवंगा, पण रिकामी नाही. तर त्या ताटलीत अंडी जायला लागली आणि खोबऱ्याचा तुकडा, डिंकाचा लाडू, कधी नुसता पुदिना परत यायला लागला.

आणि त्याच आठवड्यात आमच्या कोंबड्याने वेळ बदलली. साडेपाचऐवजी पावणेचार. चार-पाच वेळा नाही, सतरा-अठरा वेळा, मध्ये श्वास घ्यायला थांबून.

मी भिंतीशी जाऊन आपांना विचारलं, “बाळाची झोप मोडते का हो? खरं सांगा.”

“अरे नक्को मा, कैसी तकलीफ! अल्लाह का परिंदा है, बोलता.”

दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. “बिल्कुल नईं. हमना तो अच्छा लगता.”

नांदेडकडचं माझं माहेर. तिथे त्रास होत असेल तर माणूस दारात उभं राहून, हातवारे करून, आधीच्या दोन पिढ्यांचा हिशेब काढून सांगतं. आपांना आवडतंय म्हटल्यावर मी निश्चिंत झाले. इतकी वर्षं या शहरात राहून माझ्या लक्षात यायला हवं होतं, की एखादी गोष्ट दोनदा विचारल्यावर दोन्हीदा आवडत असेल, तर ती अजिबात आवडत नाही.

माझं लक्ष दुसरीकडे होतं, हेही खरं. परसातलं राज्य बिघडलं होतं. दोनच कोंबड्या आणि एक तरुण कोंबडा, त्यामुळे दोघींच्या पाठीवरची पिसं झडून गुलाबी कातडी दिसायला लागली होती. नवऱ्याने खुराड्याचं दार उघडलं, की कोंबडा त्याच्या पोटऱ्यांवर झेप घ्यायचा. नवरा क्रिकेटचे पॅड बांधून अंडी काढायला जायचा. आणि अंडी तरी कुठली? आमच्या तांबड्या कोंबडीला स्वतःचीच अंडी खायची चटक लागली. टोपलीत नुसती टरफलं, आणि कोपऱ्यात ती, चोचीला पिवळं लागलेलं, चेहऱ्यावर कसलाही पश्चात्ताप नाही.

चाळीस दिवसांचं वचन माझं. मी मोबाईलवर उपाय शोधला. अंड्याला भोक पाडून बलक काढावा, आत मोहरीची पूड कालवून भरावी, भोक बुजवावं आणि अंडं टोपलीत ठेवावं. कोंबडी एकदा चाखते, पुन्हा नाव काढत नाही.

मोहरी! मी हसले. आमच्या मराठवाड्यात पोराची नखं खायची सवय तिखटाने मोडतात. बाळाला आईच्या दुधावरून तोडायला तिखट लावतात. आमच्या घरात गुंटूरच्या मिरचीचा डबा गच्च भरलेला असताना मोहरीसारख्या मिळमिळीत वस्तूवर मी विश्वास का ठेवावा? शनिवारी सकाळी कामावर जायच्या आधी मी सुईने अंडं कोरलं, आत दोन चमचे लालभडक तिखट भरलं, कणकेने तोंड बंद केलं, वर पीठ चोळून दिसेनासं केलं आणि टोपलीत ठेवून गेले. इतकं सफाईदार काम मी कचेरीत कधी केलेलं नाही.

नवऱ्याला सांगायचं राहिलं.

त्या दिवशी अर्धा दिवस होता. दुपारी तीनला घरी आले तर ताटली भिंतीवर. रिकामी. धुऊन, पुसून, पालथी घातलेली.

नवरा दुकानातून जेवायला आला होता. त्याला विचारलं, “आज यात काय दिलं होतं?”

“अंडी. आज दोन मिळाली ना! एक जरा वेगळं लागलं हाताला, मला वाटलं गावरान आहे म्हणून.”

मी टोपलीत पाहिलं. टोपली मोकळी. तांबडी कोंबडी माझ्याकडे अशी पाहत होती, जणू आम्ही दोघी एकाच गुन्ह्यातल्या.

मी तशीच आपांकडे गेले. दारात चपला काढतानाच ठसका लागला. घरभर मिरचीचा धूर आणि खकाणा. खिडक्या सताड उघड्या, पंखे गरगरत होते. पलंगावर सुटकेस उघडी आणि तीत आपांची मुलगी बाळाची झबली रचत होती. तिचे डोळे लाल होते, मिरचीने की कशाने ते कळत नव्हतं. आपा भिंतीला टेकून उभ्या होत्या, हात रिकामे. त्यांचे हात रिकामे मी कधी पाहिले नव्हते.

आणि मधोमध खुर्चीवर विहीणबाई. म्हणजे आपांच्या मुलीच्या सासूबाई. ठणठणीत बाई, दर शुक्रवारी नात बघायला यायच्या. या वेळी रात्री मुक्काम केला होता. पहाटे पावणेचारला त्यांनी आमच्या कोंबड्याच्या सगळ्या आरोळ्या ऐकल्या होत्या आणि प्रत्येक आरोळीला नात कशी दचकते तेही पाहिलं होतं. तेवढ्यानेच त्यांनी सुनेला न्यायचं अर्धं ठरवलं होतं. मग दुपारी सुनेसाठी स्वतःच्या हाताने ऑम्लेट करावं म्हणून त्यांनी तापलेल्या तव्यावर अंडं फोडलं. त्यातून बलक पडला नाही. लाल भुकटी पडली. भपकन धूर झाला, सगळं घर खोकलं, आणि अठरा दिवसांच्या बाळाने सलग सात शिंका दिल्या.

कोरून, लाल भरून, पुन्हा शिवल्यासारखं बंद केलेलं अंडं. बाळंतिणीच्या घरात. बाहेरून आलेलं. आता हे मी माझ्या माहेरी पाहिलं असतं, तर मी स्वतःच आधी लिंबू आणायला धावले असते. त्याला दुसरा अर्थच नाही. करणी.

विहीणबाईंनी कागदात गुंडाळलेलं टरफल माझ्यासमोर धरलं. “ये क्या है जी?”

“मिर्ची,” मी म्हणाले.

“वो तो दिख रा. कैको?”

“मुर्गी के वास्ते.”

“मुर्गी के वास्ते अंडे में मिर्ची?”

“हौ. मुर्गी अंडा खाती, इसलिए.”

“मुर्गी अंडा देती मा. खाती नईं.”

“हमारी खाती.”

मी रंगभूमीवर कधी गेले नाही, पण मला नेहमी वाटायचं, की गेले असते तर छाप पाडली असती. त्या क्षणी कळलं की नसती पाडली. खरं बोलत असूनही माझा आवाज थेट चोराचा येत होता.

आपा पहिल्यांदाच बोलल्या, जमिनीकडे बघत. “समधन, बाईस दिन रै गए. खाली बाईस दिन. ये लोगां ऐसे नईं हैं.”

“लोगां अच्छे होंगे. बच्ची मेरी भी है. सात बजे गाडी आती.”

मला एकदम स्वच्छ दिसलं, की हे सगळं माझ्यामुळे. कोंबडा माझा, तिखट माझं, आणि ‘तकलीफ’ नाही म्हटल्यावर विश्वास ठेवणारी अक्कलही माझीच. मी विहीणबाईंना म्हणाले, “चला. माझ्या परसात चला. तुमच्यासमोर अंडं भरते, तुमच्यासमोर कोंबडीला देते. नाही पटलं तर सातला नाही, सहाला घेऊन जा.”

त्या नाकाला ओढणी लावून आल्या. मागे आपा. नवरा घाईघाईत पॅड बांधायला लागला, मी त्याला डोळ्यांनी दटावलं. घरात एकच अंडं उरलं होतं. सुईने भोक, बलक बाहेर, दोन चमचे तिखट आत, कणकेचं बूच. विहीणबाई प्रत्येक हालचाल पाहत होत्या. मी अंडं टोपलीत ठेवलं आणि तिघी मागे सरकलो. माझा सगळा भरवसा आता तांबडीवर होता. ती चोच मारणार, तिला झोंबणार, ती डोकं आपटत पळणार आणि माझी अब्रू वाचणार.

तांबडी आली. टकटक करून अंडं फोडलं. तिखटात चोच खुपसली. आणि खाल्लं. चवीने. शेवटचा लाल कण टिपला, मातीला चोच पुसली आणि मान तिरकी करून माझ्याकडे पाहिलं.

“और माँग री,” विहीणबाई म्हणाल्या.

मग त्यांच्या ओढणीआडून आधी ठसका आल्यासारखा आवाज आला आणि मग त्या पालथ्या घातलेल्या बादलीवर बसून हसायलाच लागल्या. पोट धरून, डोळे पुसत. “अगे मा! परिंदों को मिर्ची लगतीच नईं! मेरे अब्बा के घर में पचास मुर्ग्यां थीं, बच्चा-बच्चा जानता. समधन, उठो, सूटकेस बंद करो. करनी करने वालों को इत्ती तो अक्कल रहती!”

आयुष्यात माझ्या मूर्खपणाचा इतका चांगला उपयोग ना आधी झाला, ना नंतर.

पण पन्नास कोंबड्यांच्या घरात वाढलेली बाई बादलीवर नुसती किती वेळ बसणार? त्या उठल्या आणि खुराड्याची तपासणी सुरू झाली. ही टोपली उजेडात कशाला ठेवली? अंडं दिसलं की कोंबडी खाणारच. अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा. अंड्यांची टरफलं भाजून, कुटून दाण्यात घाला, तिला चुना कमी पडतोय. एका कोंबड्याला दोन बायका? आठ पाहिजेत, निदान सहा. या बिचाऱ्यांच्या पाठी बघा. मग त्यांनी विचारलं, “बांग कब देता?”

“पावणेचारला.”

त्या खुराड्याच्या जाळीसमोर उभ्या राहिल्या. कोंबड्याच्या जागी स्वतः असल्यासारखी मान वर केली आणि भिंतीपलीकडे पाहिलं. समोर आपांच्या स्वयंपाकघराची खिडकी, तिच्यात मुलगी येणार म्हणून नवी लावलेली लांब ट्यूबलाइट.

“समधन, ये बत्ती कब जलाते आप?”

आपांनी पदर सारखा केला. पेरूच्या झाडाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, “हरीरा घोटने कू उठती मैं. सुबू.”

“कित्ते बजे?”

“...पौने चार.”

बदाम, खसखस, गूळ घालून बाळंतिणीसाठी केलेली ती खीर घोटायला तास लागतो. मुलीला नमाजाच्या वेळेला ती गरम मिळावी म्हणून आपा पावणेचारला उठत होत्या, आणि दिवा लागला की आमच्या कोंबड्याची सकाळ होत होती. त्यात त्याचा काही दोष नव्हता. उजेड दिसला, त्याने कळवलं.

संध्याकाळी सातला गाडी आली आणि विहीणबाई एकट्याच त्यात बसल्या. सूनबाई आणि नात राहिली. फक्त एका अटीवर: त्या आता शुक्रवारची वाट पाहणार नव्हत्या. रोज येणार होत्या, आणि स्वतः लक्ष घालणार होत्या.

आणि त्या आल्या. रोज, सकाळी नऊला. पहिल्याच दिवशी आपल्या सासूच्या वेळचा, रफू करायचा अंड्यासारखा लाकडी गोळा घेऊन आल्या आणि टोपलीत ठेवला. तांबडीने त्यावर दोन दिवस चोच आपटली, तिसऱ्या दिवशी नाद सोडला. खरं अंडंही मग तिला लाकडी वाटू लागलं असावं. खुराड्यात कोंबडा बसायचा त्या दांडीच्या वर वीतभर अंतरावर नवऱ्याकडून फळी ठोकून घेतली. कोंबड्याला मान ताठ केल्याशिवाय आरवता येत नाही, आणि आता मान ताठ केली की डोकं फळीला. आपांच्या खिडकीला नवऱ्याच्या दुकानातला काळा चार्ट पेपर लागला. चार नव्या कोंबड्या आल्या. आणि नवऱ्यासाठी खास उपचार: रोज सकाळी दहा मिनिटं कोंबड्याला काखेत घट्ट धरून सगळ्या कोंबड्यांसमोरून फिरायचं, म्हणजे त्याचा माज उतरतो. माझा नवरा एका काखेत कोंबडा आणि दुसऱ्या हातात वर्तमानपत्र घेऊन परसात फेऱ्या मारायचा. आठवड्याभरात कोंबड्याने पोटऱ्यांवर झेप घेणं सोडलं. नवऱ्याने मात्र फेऱ्या सोडल्या नाहीत. म्हणाला, सोबत होते.

कोंबडा साडेपाचवर परत आला. ताटली भरून जायला लागली, भरून यायला लागली. संध्याकाळी मी कामावरून आले तरी पलीकडून विहीणबाईंचा आवाज येत असायचा: हरीऱ्यात खसखस कमी आहे, बाळाला असं नाही, असं धरतात, समधन, ये पर्दा कैको ऐसा बांदे? चौथ्या-पाचव्या दिवशी आपा भिंतीशी आल्या. इकडे-तिकडे पाहिलं आणि माझ्या कानाशी म्हणाल्या, “दुल्हन पाशा, मुर्गाच अच्छा था.”

पण बावीसच्या बावीस दिवस त्यांना मिळाले. मुलीला तेल लावताना, बाळाला धुरी देताना मी त्यांना सकाळी निघण्याआधी भिंतीवरून पाहत होते. त्या बडबडत नव्हत्या, गात नव्हत्या. एकेक काम हळूहळू करत होत्या, संपू नये अशा बेताने.

चाळिसाव्या दिवशी न्हाणं झालं, नवे कपडे झाले, गाडी आली. विहीणबाई कोंबड्याचाही निरोप घेऊन गेल्या. जाळीतून त्याला म्हणाल्या, “सुधर गया तू.” सुटकेस, पाळणा, बाळाची दुपटी, सगळं गेलं. आपांनी दारातून हात हलवला आणि बराच वेळ दार लावलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताटली आली. तिच्यात उरलेल्या हरीऱ्याची वाटी होती आणि ताटलीखाली चौकोनी घडी केलेला काळा चार्ट पेपर. नवरा खूश झाला. “बघ, किती व्यवस्थित काढलाय. दुकानात परत ठेवता येईल.”

पुढच्या पहाटे पावणेचारला आपांच्या स्वयंपाकघरात दिवा लागला. आता घोटायला काही नव्हतं. आमच्या कोंबड्याने फळीखाली मान वाकडी करून, दबक्या आणि काहीशा चेंगरलेल्या आवाजात कळवलं. नऊ वेळा.

“अगं,” नवरा उशीत तोंड खुपसून म्हणाला, “त्यांना कागद पुन्हा लावायला सांग ना.”

“सांगते,” मी म्हणाले.

सकाळी आपा भिंतीशी आल्या. डोळे सुजलेले, पदर नीट. इकडचं-तिकडचं बोलल्या, मग विचारलं, “दुल्हन पाशा, बत्ती जलाती मैं सुबू. मुर्गा उठ जाता. तुमना तकलीफ तो नईं?”

“अरे नक्को आपा, कैसी तकलीफ!” मी म्हणाले. “हमना तो अच्छा लगता.”

आणि ताटलीत दोन अंडी ठेवून भिंतीवर सरकवली.